लंगडीतला टेकलेला अंगठा

पत्र : सातपूर भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी पाचवी ते आठवीला शारीरिक शिक्षण शिकवते. वर्गात 48 मुलं, आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास, मैदान जेमतेम. यंदा मुख्याध्यापकांनी सांगितलं, की खेळाच्या तासातून मुलांचा नैतिक आणि आध्यात्मिक विकासही दिसायला हवा. म्हणून मी तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं खिलाडूवृत्तीवर बोलते, एखादी बोधकथा सांगते. मुलं जांभया देतात. खेळ सुरू झाला की पुन्हा तेच, ‘मी बाद नाही’, ढकलाढकली, रडारड. शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावते, पण फरक पडत नाही. आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. 14 वर्षांखालच्या खो-खो संघातला आमचा सर्वांत चपळ मुलगा वयात आठ महिन्यांनी जास्त भरतोय. ‘तारखेचं बघून घेऊ’ असं वरून सुचवलं जातंय. अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचाय. अशात मूल्यशिक्षण कसं करू?
– एक क्रीडाशिक्षिका, नाशिक

नमस्कार ताई,

आधी ती दहा मिनिटं बंद करा. पाच मिनिटं वर्गातून खाली उतरण्यात आणि रांगेत जातातच. वर दहा मिनिटं बोलण्यात गेली की खेळायला वीस उरतात. खेळ कापून खिलाडूवृत्ती सांगितली, तर मुलांचा राग त्या शब्दावरच निघतो.

त्यापेक्षा लंगडी घालणाऱ्या मुलाच्या पायाकडे पाहा. पळणाऱ्याला गाठायला तो पुढे झुकतो, तोल जातो आणि उचललेल्या पायाचा अंगठा निमिषभर मातीला टेकतो. चिमूटभर धूळ उडते, बस्स. पंच पाच मीटर लांब असतो, पळणाऱ्याची पाठ असते. अंगठा टेकला की नाही, हे फक्त त्या मुलालाच ठाऊक असतं. मुख्याध्यापकांना जो विकास हवाय, तो त्या अंगठ्यापाशी आहे. स्वतःहून थांबून ‘टेकला’ म्हणणं ही नीती. आणि कोणी पाहत नसतानाही आपण आपल्याला पाहतोय, हे जाणवणं हे अध्यात्म. आपल्याकडे त्याला ‘साक्षी’ असा जुना आणि सुंदर शब्द आहे. कबड्डीतही तेच आहे. दम नेमका कुठे तुटला, ते चढाई करणाऱ्यालाच सगळ्यांआधी कळतं.

शिट्टी वाजली, की हा निर्णय मुलाच्या हातून जातो. मग ‘मी बाद झालो का’ हा प्रश्न उरतच नाही, ‘बाईंना दिसलं का’ एवढाच उरतो. रोज शिट्टीवर खेळणारी मुलं लबाड नसतात, त्यांना स्वतः ठरवायची वेळच आलेली नसते. म्हणून माझा मुख्य सल्ला असा, की तासातला ठरावीक भाग शिट्टीशिवाय खेळवा. बाकीची सगळी मांडणी त्यासाठीच.

48 मुलांचे आठ-आठचे सहा गट करा आणि सहा आठवडे ते बदलू नका. दोन कप्तान उभे करून ‘तू माझ्याकडे’ करत निवड मुळीच नको. शेवटी उरणाऱ्या मुलाला तो अपमान वर्षानुवर्षं आठवत राहतो. एक ते सहा आकडे मोजून गट पाडा, मग दोन-तीन अदलाबदली करून ताकद सारखी करा. एका बाजूला छोटं खो-खो मैदान आखा : दोन खांबांत 18 मीटर, रुंदी दहा, मधल्या पाटीवर सात चौकोन. सात बसलेले आणि एक पाठलाग करणारा असा एक गट, पळणारा दुसरा गट तीन-तीन-दोनच्या तुकड्यांनी. पारंपरिक नियमांनुसार मोठ्यांच्या सामन्यात आक्रमण 9 मिनिटांचं, इथे ते 4 मिनिटांवर आणा. शेजारी दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात लंगडी, प्रत्येकाला 30 सेकंद. आठ जणांची चार मिनिटं होतात, म्हणजे दोन्ही खेळ एकाच वेळी पलटतात. उरलेल्या दोन गटांपैकी एक दोरीउड्या किंवा सूर्यनमस्कार करेल, दुसरा सेवा गट : तिघे खो-खोच्या नोंदी घेतील, तिघे लंगडीच्या, दोघे पाणी आणि साहित्य पाहतील. पाच मिनिटांनी हे दोन गट आपसात बदला आणि दहा मिनिटांनी सगळ्यांच्या जागा बदला. आठवड्याच्या दोन तासांत प्रत्येक गट सगळीकडे फिरून येतो.

तासाचे हिशेब असे ठेवा : पाच मिनिटं खाली उतरणं आणि मैदानाची तयारी, एक मिनिट शांतता, चार मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं खेळ, चार मिनिटं गोल बसून बोलणं, एक मिनिट आवराआवर.

पहिले दोन आठवडे खेळ नेहमीसारखा शिट्टीवरच चालू द्या. फक्त मैदानाची कामं मुलांकडे सोपवा. खडे वेचायचे, फक्की मारायची, उन्हाळ्यात धूळ बसवायला पाणी शिंपडायचं. फक्कीसाठी खडूची किंवा संगमरवराची भुकटी घ्या. कळीचा चुना मुलांच्या हाती कधीच देऊ नका, डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. स्वतः आखलेली रेषा मुलं पुसत नाहीत आणि तिच्यावरून भांडतानाही जरा जपून भांडतात.

तिसऱ्या आठवड्यात लंगडीतली शिट्टी खिशात टाका. नियम तीनच सांगा. पाय टेकला, रेषेबाहेर गेलो किंवा हात लागला, तर ज्याचं त्याने हात वर करून ‘बाद’ म्हणायचं. समोरच्याला शंका असेल तर त्याने एकदाच ‘विचार’ म्हणायचं, आरोप करायचा नाही. दोघांचं 30 सेकंदांत जमलं नाही तर तेवढी लंगडी पुन्हा घ्यायची. शेवटचा नियम सगळ्यांत उपयोगी आहे, कारण त्यात कोणालाही खोटं ठरवावं लागत नाही. अल्टिमेट हा तबकडीचा खेळ जागतिक स्पर्धेतसुद्धा पंचाशिवाय, खेळाडूंच्याच निर्णयांवर चालतो आणि फाऊलबद्दल एकमत झालं नाही, तर तबकडी परत फेकणाऱ्याकडे जाते. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या वागण्याला पाच बाबींत 0 ते 4 गुण देतात : नियमांचं ज्ञान, धसमुसळेपणा, न्यायबुद्धी, स्वतःवरचा ताबा आणि बोलण्याची रीत. सातवी-आठवीच्या मुलांना हा तक्ता पेलतो. पाचवीला नको, ती मुलं सरसकट चार देतात नाहीतर सूड म्हणून शून्य.

आता बिघडतं कुठे ते सांगते. तिसरा आठवडा गोंधळाचाच जाणार, हे धरून चाला. भांडणं कमी व्हायच्या आधी दुप्पट होतात. एखादा दांडगा मुलगा ‘नाही टेकला’ म्हणत रेटून नेतो, प्रामाणिक मुलं हरतात आणि रडवेल्या तोंडाने तुमच्याकडे येतात. बहुतेक शिक्षक इथेच शिट्टी बाहेर काढतात आणि मग मुलांना कळतं, की पुरेसा गोंगाट केला की बाई येतात. तुम्ही दोन आठवडे कळ काढा. त्या दांडग्याला सगळ्यांसमोर बोलू नका. तास संपल्यावर दोरी गुंडाळायला त्याला हाताशी घ्या आणि शांतपणे एवढंच म्हणा, “पाय टेकला का, हे मला सांगू नकोस. तुला माहीत आहे, तेवढं पुरे.” उत्तराची वाट पाहू नका, दुसरं काम सांगा. कबुली मागितली की तो बचाव करतो. मागितली नाही की प्रश्न त्याच्याबरोबर घरी जातो.

उलट बाजूने होणारी चूक जास्त गोड आणि म्हणून जास्त घातक आहे. स्वतःहून बाद सांगणाऱ्याला टाळ्या, चॉकलेट, ‘आजचा प्रामाणिक खेळाडू’ असा बिल्ला. आठवडाभरात मुलं न टेकलेला पायसुद्धा टेकला म्हणून सांगू लागतात, तेही तुम्ही पाहत असताना. मुलाने ‘बाद’ म्हटलं की मान हलवून खेळ पुढे चालू ठेवा. खरं बोलणं ही मैदानावरची रोजची गोष्ट वाटली पाहिजे.

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास करून 1932 मध्ये निष्कर्ष मांडले. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी दिलेली न बदलणारी गोष्ट वाटते. साधारण दहा-बाराव्या वर्षांच्या सुमारास त्यांना उमगू लागतं, की नियम आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेला असतो. तुमचे वर्ग नेमके याच वयाचे आहेत. म्हणून चौथ्या आठवड्यात प्रत्येक गटाला लंगडीचा एक नियम बदलायची मुभा द्या. ‘अर्ध्या वेळेनंतर पाय बदलायचा’ किंवा ‘कोपऱ्यात दहा सेकंदांहून जास्त थांबायचं नाही’ असे बदल मुलं सुचवतात. एक डाव खेळून तो नियम ठेवायचा की टाकायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. स्वतः केलेला नियम मोडताना मूल अडखळतं.

खो-खोत पाहायची गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या-चौथ्या चौकोनात एखादं जाड किंवा सावकाश मूल बसलेलं असतं. पंजांवर तोल सांभाळत, हात जमिनीला टेकवून, उठायच्या तयारीत. पाठलाग करणारा त्याच्या मागून जातो आणि पुढच्याला खो देतो. पुन्हा जातो, पुन्हा पुढच्याला. डाव संपतो तेव्हा सगळे धापा टाकत असतात आणि या मुलाच्या अंगावर घामाचा थेंब नसतो. त्याला कोणी ढकललेलं नाही, नियम मोडलेला नाही, म्हणून हा अन्याय कोणाच्या नोंदीतही येत नाही. सेवा गटातल्या एका मुलीला दर चौकोनाची एक अशा सात वाट्या आणि मूठभर खडे देऊन मैदानाच्या बाहेर बसवा. खो मिळाला की त्या चौकोनाच्या वाटीत खडा टाकायचा. डाव संपल्यावर वाट्या गोलाच्या मध्ये ठेवा. एकीत नऊ खडे, एकीत शून्य. त्यावर भाषण करू नका. “या वाट्या बघा. काय करायचं?” एवढंच विचारा. बहुतेक वेळा मुलंच म्हणतात, की पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाला एकदा तरी खो मिळाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा द्यायचा नाही. तो नियम सरावात ठेवा. स्पर्धेच्या डावात नको, तिथे डावपेच मोकळे हवेत, नाहीतर चांगले खेळाडू त्या मुलावरच चिडतील.

शिट्टी कायमची फेकायची नाही. धक्का देणं, केस किंवा शर्ट ओढणं, ओल्या जमिनीवर सूर मारणं, खांबाला डोकं आपटेल असं झेपावणं, यासाठी ती तुमच्या गळ्यात हवीच. सुरक्षितता मुलांच्या विवेकावर सोडायची गोष्ट नाही.

फेऱ्यांची शिक्षा मात्र आजपासून थांबवा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक ज्या पायांनी मिळवलं, तसे पाय ज्या जिल्ह्यातल्या पाड्या-पाड्यांवर आहेत, तिथल्या मुलांना धावणं ही शिक्षा आहे असं शिकवू नये. ढकलणाऱ्या मुलाला दोन मिनिटं रेषेबाहेर बसवा, मग त्यानेच येऊन ‘आता काय वेगळं करणार’ हे एका वाक्यात सांगून आत यावं. माफीची सक्ती नको. सक्तीची माफी मुलं तोंडाने मागतात आणि डोळ्यांनी परत घेतात.

आता ‘आध्यात्मिक’ या शब्दाबद्दल, कारण गोंधळ बहुधा तिथे आहे. नाशिकमध्ये हा शब्द उच्चारला की घाट, मंदिरं आणि सिंहस्थ डोळ्यांपुढे येतात. बळ आणि उपासना वेगळी न मानण्याची परंपराही इथे जुनी आहे. समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षं तप केलं आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असं परंपरा सांगते. संतांनीही हुतूतू, हमामा, फुगडी अशा खेळांच्या रूपकांतून परमार्थ सांगितला. पण तुमच्या 48 मुलांत सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या अनेक प्रांतांतल्या, अनेक धर्मांच्या घरांतली मुलं असणार. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. म्हणून खेळाच्या तासाला श्लोक, आरती किंवा मंत्र जोडू नका. त्याची गरजही नाही.

मैदानात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायची आपल्याकडे तालमीपासूनची रीत आहे. काही घरांत देवाखेरीज कोणापुढे झुकायचं नसतं. त्या मुलाला एकटं पाडू नका. सगळ्यांनाच सांगा, ‘मातीवर तळहात ठेवून दहा श्वास गप्प बसायचं’. ज्याला नमस्कार करायचा तो करेल, ज्याला नाही तो नुसता हात ठेवेल. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. हेच ते एक मिनिट. पहिल्या आठवड्यात मुलं खिदळतील, रागावू नका, पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात करा. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा भोंगा, कावळे, शेजारच्या वर्गातले पाढे असं काहीबाही ऐकू येऊ लागतं. काय ऐकलं ते एखाद्याला विचारा. लक्ष एका जागी ठेवता येणं ही बऱ्याच धर्मांच्या साधनेची पहिली पायरी आहे आणि चांगल्या खेळाडूचीही.

सूर्यनमस्कार घेणार असाल तर बारा वेगाने घेण्यापेक्षा तीन सावकाश घ्या. बारा स्थिती, प्रत्येकीत पाच सेकंद, म्हणजे एकाला एक मिनिट. ‘एक-दोन-तीन’ असे आकडे ओरडून घेतले की त्याची कवायत होते, श्वास कोंडतो आणि कंबर ढिली सोडलेली मुलं पाठीवर ताण घेतात. मुलांना स्वतःच्या श्वासाच्या गतीने करू द्या, सगळे एकाच वेळी वाकले नाहीत तरी चालेल.

हरल्यावर काय करायचं, हे हरण्याआधी शिकवावं लागतं. रांगेत हात मिळवणं चार दिवसांत यांत्रिक होतं. त्याऐवजी प्रत्येकाने समोरच्या गटातल्या एकाला त्याच्या खेळातली एक नेमकी गोष्ट सांगायची : “तू खांबापाशी हुलकावणी दिलीस, मी फसलो.” ‘छान खेळलास’ चालणार नाही. नेमकं सांगायचं तर आधी नीट पाहावं लागतं, आणि ज्याला आपण नीट पाहिलं त्याच्याशी वैर धरणं जड जातं.

गोल बसून बोलण्याच्या चार मिनिटांत गुणांची नावं घेऊ नका. ‘आज आपण काय शिकलो?’ विचारलं की ‘एकता आणि प्रामाणिकपणा’ असं पाठ केलेलं उत्तर येतं. प्रसंग विचारा : “आज कुठे थांबावंसं वाटलं?” “कोणामुळे तुझा खेळ सोपा झाला?” गप्प बसणाऱ्यांना गप्प बसू द्या. आणि महिन्यातून एकदा मैदानाबाहेरचं विचारा. डॉन हेलिसन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने खेळातून जबाबदारी शिकवण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या : दुसऱ्याचा आदर, प्रयत्न, स्वतःचं स्वतः चालवणं, मदत आणि शेवटची म्हणजे हे सगळं मैदानाबाहेर नेणं. ही शेवटची पायरी आपोआप चढली जात नाही. “घरी भावंडांत, वर्गात पेपर तपासताना असा टेकलेला अंगठा कुठे येतो?” असं विचारलं तरच मुलं तो दुवा जोडतात.

मुख्याध्यापकांना नोंद हवी असेल तर मूल्यांना गुण देऊ नका. वहीत दर आठवड्याला आठ मुलांविषयी एकेक पाहिलेली गोष्ट लिहा, सहा आठवड्यांत सगळा वर्ग होतो. ‘प्रामाणिक आहे’ असं नको. ‘लंगडीत दोनदा स्वतःहून बाद सांगितलं, दुसऱ्यांदा गट हरत असताना’ असं हवं. प्रगतिपत्रकात असं वाक्य वाचणाऱ्या आईवडिलांना आपलं मूल दिसतं.

आता त्या मुलाचं. ताई, वर लिहिलेलं सगळं या एका अर्जावर उभं आहे. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे आहेत, त्यात आठ महिने म्हणजे आठ महिनेच. ‘मुलांना कुठे कळतंय’ असं कोणी म्हणेल. मुलांना सगळं कळतं, कारण त्याच्या वाढदिवसाला त्याने वर्गात चॉकलेटं वाटलेली असतात. तारीख बदललेला अर्ज गेला, तर सोमवारी लंगडीत ‘टेकला’ म्हणणारा मुलगा स्वतःला मूर्ख समजेल, आणि त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. शिवाय राखीव मुलांपैकी एकाची जागा जाते, ती वेगळीच.

वाद घालू नका, आरोप करू नका, लेखी जा. मुख्याध्यापकांना चार ओळींचं टिपण द्या : शाळेच्या नोंदवहीनुसार या खेळाडूची जन्मतारीख अमुक आहे, 14 वर्षांखालील गटाच्या निकषात तो बसत नाही, म्हणून त्याच्या जागी अमुक राखीव खेळाडू घेऊन अर्ज तयार केला आहे, सहीसाठी सादर. एक प्रत तारखेसह तुमच्याकडे ठेवा. ‘बघून घेऊ’ हे तोंडी बोलणं सोपं असतं, अशा टिपणावर ते लिहून देणं कठीण. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नाहीच संपला, तर तुमच्या सहीने तो अर्ज जाऊ देऊ नका.

मुलाला मात्र यादी फलकावर लागायच्या आधी, एकट्याला गाठून सांगा. त्याने काही चुकीचं केलेलं नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण त्याला शिक्षाच वाटणार आहे. तो रडला तर रडू द्या. 17 वर्षांखालच्या संघाच्या सरावाला त्याला याच आठवड्यात बसवा, तिथे सुरुवातीला तो लहान आणि हलका पडेल, हेही आधीच सांगा. आणि राखीवमधून आलेल्या मुलाला खांबाभोवती वळताना वेग न तोडता आतला पाय कसा टाकायचा, हे शिकवायचं काम त्याच्यावर सोपवा. चार सराव पुरतील. त्याच्याइतकं ते तुमच्या मैदानावर दुसऱ्या कोणाला येत नाही.